चोपड्याला गोळी न घेता

९ फेब्रुवारी
उठले ती दुखरं डोकं घेऊनच. चहाबरोबर गोळी. कॉलेजात चार तास, तिसऱ्यानंतर दुसरी.
चोपड्याहून व्याख्यानमालेच्या चौधरीभाऊंचा फोन. "ताई, यंदाही तुम्हीच या. विषय तोच." १२ एप्रिल. लगेच हो म्हटलं.
विषय तोच म्हणजे भगत, अंगारे, फुंकर मारून आजार काढणारे. गेल्या वर्षी त्याच मंचावर पंधराव्या मिनिटाला उजवी बाजू ठणकायला लागली, मळमळलं, भाषण टाकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी तिथल्या भगताने गावभर सांगितलं की बाई देवीच्या विरुद्ध बोलली, देवीने तिचं डोकं धरलं. माझी डोकेदुखी त्याचा पुरावा ठरली. तेव्हापासून एकही भाषण गोळीशिवाय केलं नाही. त्याला दुसरा पुरावा मिळणार नाही.

१३ फेब्रु.
विलासने पॉवर हाऊसची ड्यूटी बदलून घेतली आणि मला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली. नवऱ्याने माझ्या वतीने काही ठरवायची ही पहिलीच वेळ.
डॉक्टर बाई तरुण, कमी बोलणाऱ्या. मी सायनस म्हणाले, चष्म्याचा नंबर म्हणाले, खानदेशचं ऊन म्हणाले. दहा मिनिटं तरी बोलले असेन. त्यांनी एवढंच विचारलं की गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली. लागेल तेव्हा, म्हटलं.
विलास म्हणाला, "बावीस दिवस."
त्याने रिकाम्या पट्ट्या जमवल्या होत्या. पर्समधल्या, टेबलाच्या खणातल्या, स्कूटीच्या डिकीतल्या. कापडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. इतका संताप आला की...
डॉक्टरांचं म्हणणं: तुमची डोकेदुखी एक नाही, तीन आहेत. रोज वहीत लिहा, कोणती ते ओळखायला शिका. खुणा ठरवल्या:
अ = अर्धशिशी. बहुतेक एका बाजूला, ठणका. उजेड, आवाज सोसत नाही. ओकारी. कधी आधी डोळ्यांपुढे चमकती नागमोडी रेघ.
प = पट्टा. डोक्याभोवती आवळून बांधल्यासारखं. मान, खांदे ताठ.
गो = गोळीची. महिन्यातले इतके दिवस गोळ्या घेतल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. पहाटे उठतानाच दुखतं ते हेच.
वेदनेच्या गोळ्या पूर्ण बंद. रोज झोपताना घ्यायचं वेगळं औषध दिलंय, ते दुखणं येऊ नये म्हणून. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं वाढेल, मग उतरेल. आणि एक ताकीद: अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं, हातपाय लुळे पडले, जीभ जड झाली, ताप येऊन मान ताठली, तर वही बाजूला ठेवायची आणि थेट दवाखाना गाठायचा.
एप्रिल झाल्यावर बंद करते, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमची मर्जी." मला वाद घालता येतो. मर्जीशी काय वाद घालणार?

१४ फेब्रु.
तीन तास वाचत बसले. डॉक्टर कुठे चुकतायत का ते शोधत होते. सापडलं नाही.
गोळ्या दोन.

१६ फेब्रु.
आज भुसावळला भाषण. निघायच्या आधी गोळी हातात, पाण्याचा पेला दुसऱ्या हातात. डोकं अजिबात दुखत नव्हतं. आपली सोय म्हणून आधीच.
समोर अक्का देवापुढचा अंगारा कपाळाला लावत होत्या. सासूबाई साक्रीकडच्या, बोलणं अहिराणी; वीस वर्षं आमचा यावरून वाद. आजही मी बोललेच, की राख लावून काय होतं.
त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "डोकं दुखस का आते?"
आत्ता? नाही, म्हटलं.
"मंग? मना अंगारा आन तुनी गोयी, बठ्ठं एकच शे. मना अंगाराघाई पोट त बिघडत नही."
म्हणजे त्यांचा अंगारा आणि माझी गोळी सगळं एकच, वर अंगाऱ्याने पोट तरी बिघडत नाही.
गोळी घेतलीच. भाषणही झालं, टाळ्याही आल्या. पण बोलत होते ते सगळं मलाच लागू होतं, प्रत्येक वाक्य. दुखणं नसताना भीतीपोटी गिळलेली गोळी औषध नसते. तो गंडाच. फक्त दोऱ्यात ओवलेला नाही.

१७ फेब्रु.
बंद. उरलेल्या पट्ट्या विलासच्या हवाली.

१९ फेब्रु.
गो. भयंकर. दोन तास घेतले, तिसरा रद्द. पोरं खूश.

२१ फेब्रु.
गो + अ. खिडक्यांना चादरी. ओकारी दोनदा. विलासकडे गोळी मागितली. नाही म्हणाला. मी त्याला जे बोलले ते लिहिणार नाही. तो ओला रुमाल बदलत राहिला.
अक्कांनी टीव्ही बंद ठेवला. त्यांच्या मालिकेच्या वेळी. याची नोंद हवीच.

२६ फेब्रु.
गो. कालच्यापेक्षा कमी? की मला कमी वाटावंसं वाटतंय?

६ मार्च
उठले आणि अंथरुणात पडून राहिले. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मग कळलं, डोकं दुखत नव्हतं. निव्वळ सकाळ होती. किती वर्षांनी.
अक्कांना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, मग चहा तू कर.

१५ मार्च
डॉक्टरांनी वही पाहिली. गो जवळजवळ गेली. अ चार वेळा आणि चारही वेळा मी दुपारी जेवले नव्हते. भाषणाच्या दिवशी उपाशी राहायची माझी जुनी खोड, आवाज मोकळा लागतो म्हणून. ते बंद. जेवण आणि झोप वेळेवर, पाण्याची बाटली सोबत. अर्धशिशीला आता गोळी चालेल, पण सुरुवातीलाच आणि आठवड्यात दोन दिवसांवर नाही. पट्ट्याला मानेचे व्यायाम.

१३ एप्रिल
काल चोपडा. सविस्तर लिहायचंच.
पाचला भरीत-भाकरी खाऊन निघाले. मंचावर चढल्यावर चौधरीभाऊंना डोळ्यांवरचा दिवा बाजूला फिरवायला लावला. पर्समध्ये गोळी नव्हती. मैदान भरलेलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. काहीजण मी पुन्हा कोसळते का ते बघायला आले होते, हे तोंडांवर दिसत होतं.
विसाव्या मिनिटाला सुरू झालं. कपाळावरून मागे, दोन्हीकडून आवळत. मग स्वतःलाच विचारलं, कोणतं? ठणका नाही. मळमळ नाही. मान दगड. प.
थांबले आणि माईकवर सांगितलं, "माझं डोकं दुखायला लागलंय. गेल्या वर्षीही दुखलं होतं. तेव्हा मी का ते सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. आज मी सांगते."
मागून एकजण ओरडला, "ताई, देवीनं धरलं वाटतं."
"नाही भाऊ, उत्तरपत्रिकांनी धरलंय. काल सहा तास मान वाकवून तपासत होते."
मैदान हसलं. तोही हसला. खुर्ची मागवली, बसले, मान दोनदा फिरवली आणि बसूनच बोलले, एक तास दहा मिनिटं. तिन्ही दुखणी सांगितली, बावीस दिवसांचा हिशेब सांगितला, अक्का काय म्हणाल्या ते त्यांच्याच बोलीत सांगितलं. अक्कांच्या बोलण्याला मिळाल्या तशा टाळ्या माझ्या कुठल्याच वाक्याला कधी मिळाल्या नाहीत. बोलता बोलता पट्टा कधी सैल झाला, कळलंही नाही.
नंतर बायकांनी घेरलं. एकीच्या कपाळावर डागणीचे तीन व्रण, डोकेदुखीवर उपाय म्हणून दिलेले. तिला कागदावर डॉक्टरांचा पत्ता आणि ती ताकीद लिहून दिली. तिने कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि हळूच विचारलं, "मनं कोनतं शे, ताई?" आपलं दुखणं कोणतं हे विचारायला लागली म्हणजे अर्धं काम झालं.
जिंकले. वहीत लिहायला हरकत नाही. जिंकले.

१४ एप्रिल
अक्कांना टाळ्यांचं सांगितलं. अंगारा लावतच ऐकलं. मी अंगाऱ्याबद्दल काही बोलले नाही.

११ मे
मार्चमधल्या तपासणीनंतर एप्रिलअखेरपर्यंत अ फक्त दोनदा. आज मात्र सकाळी अकराला डोळ्यांपुढे नागमोडी रेघ. बाहेर चव्वेचाळीस. लगेच थोडं खाऊन गोळी घेतली, या आठवड्यातली पहिली. संध्याकाळी सहाला वरणगावला भाषण.
आयोजकांना फोन केला. ते काकुळतीला आले, की बोर्ड लागलेत, लोकांना काय सांगू, घसा बसला म्हणू का? म्हटलं, अर्धशिशी आहे म्हणा. उतरली तर येते.
आता अडीच. रेघ गेली, ठणका आहे. मघापेक्षा कमी. एक डोळा मिटून लिहितेय. विलास साडेचारला गाडी दारात आणणार. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे: सकाळपासून माझी अर्धशिशी उठली आहे.