फ्रीझरमधले आईचे चेंडू

कॉरिन,

आई गेल्यापासून तू फ्रीझरमध्ये वाटाण्यांमागे जपलेले तिचे दोन चेंडू काल मी क्लबात प्लॅटफॉर्म टेनिसला, त्या उंच जाळीच्या पिंजऱ्यातल्या खेळाला, नेले. उन्हात माझे फार उसळत होते; गार चेंडू कमी उसळतो, आणि गार केलेले तेवढे तिचेच होते. तीन सेट झाले तरी त्यांची लव तशीच राहिली. माझे स्वस्तातले पहिल्याच सेटमध्ये गुळगुळीत झाले. “तू आणि तुझे चेंडू, दोघं लवकर टकले,” असं ती म्हणायची आणि मी वाद घालायचो. तिचंच खरं होतं.

एक परत ठेवलाय. दुसरा माझ्याच फटक्याने पिंजऱ्याच्या जाळीवरून क्लबामागच्या झाडीत गेला. काल रात्री जेवताना तुला सांगायचा धीर झाला नाही. तोच शोधायला चाललोय. सूप गरम करून घे. मी येईपर्यंत फ्रीझर उघडू नकोस.

बाबा