यादीतली चाळीस हजार माणसं

११ मार्च, सोमवार

यादी खरी आहे. आमच्या शिंप्याने खात्री करून दिली.

विमा कंपनीच्या चाळीस हजार ग्राहकांची नावं, जन्मतारखा, बँकेचे खातेक्रमांक, आजार – सगळं इंटरनेटवर उघडं पडलंय. लिंक असेल त्याने वाचावं. त्यात शिंप्याचं नाव दिसलं, म्हणून थेट दुकानातच गेले. त्याने पॉलिसी काढून एकेक आकडा जुळवला.

"ताई, मधुमेहाचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुमच्या हातात कसं आलं?"

लिंक दिली कंपनीतल्याच एका कारकून बाईने. इथेही तिचं नाव लिहीत नाही, 'फाइलवाली' पुरे. तिची एकच अट – "माझं नाव बाहेर आलं तर नोकरी जाईल. घरात कमावणारी मी एकटीच." शब्द दिलाय.

वीस वर्षं बातम्या लिहितेय, अशी कधी हाती लागली नव्हती.

१२ मार्च

यादीतल्या वीस जणांना फोन केले. सतरा जणांनी मला भामटी ठरवलं. एक आजोबा म्हणाले, "काल तुझा भाऊ बँकेतून बोलत होता, आज तू पेपरातून का?"

म्हणजे चोरांचे फोन सुरूही झालेत! धावत संपादकांकडे.

मावशीचंही नाव निघालं. तिला फक्त खातेक्रमांक पडताळायला सांगितला, तर म्हणते, "थांब गं, पिनही सांगते." फोनवरच झापलं. "तू तर घरचीच ना," म्हणे.

१३ मार्च

फाइलवालीने एक कागद आणून दिला. कंपनीचं आतलं पत्र, जानेवारीतलं! 'प्रकार लक्षात आला आहे. ग्राहकांना तूर्त कळवू नये.'

संपादक खुर्चीतून उठलेच. "पहिलं पान. पत्राचा फोटो मोठा घ्या." सोबत यादीच्या एका पानाचाही फोटो. त्यातली तीस नावं मी स्वतः मार्करने काळी केली – दोनदा. उजेडात धरून पाहिलं, एक अक्षर दिसत नाही.

१४ मार्च

छापून आलं. सव्वानऊला लिंक बंद! दुपारी कंपनीने सगळं मान्य केलं. उद्यापासून ग्राहकांना पत्रं जाणार.

मावशीने बँकेत जाऊन पिन बदलला, आणि नवा पिन सांगायला मला फोन केला. शिंपी म्हणाला, "पेपर यायच्या आधीच बायकोला सांगून टाकलं. चहातली साखर गेली, ताई."

१५ मार्च

फाइलवालीला कंपनीने उद्या दहाला बोलावलंय.

कंपनीच्या आतल्या पत्रात एकाही ग्राहकाचं नाव नव्हतं, म्हणून त्यावर मी मार्कर फिरवला नाही. तळाशी बारीक अक्षरांत, प्रिंट काढणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक होता. आम्ही फोटो मोठा छापला.

ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल."

उद्या पावणेदहाला मी पेपरच्या वकिलांना घेऊन कंपनीच्या दारात उभी राहणार आहे. ती येऊ नका म्हणतेय.