ब्रेक कुणी मारला

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. लग्न होऊन मी गडमुडशिंगीतून शाहूपुरीत आले, एवढंच काय ते अंतर. सकाळी दुधाचा टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा करून तू हॉर्न वाजवायचीस आणि मी गॅलरीतून काय सांगायचं ते ओरडून सांगायचे. आता तू जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. दुसऱ्या कुणाला विचारावी तर ह्यांना गाडी चालवता येत नाही आणि तुझ्या नातीला माझा प्रश्नच कळत नाही.

यंदा आम्ही नवीन गाडी घेतली. तिला क्लच नाही. किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की स्टिअरिंग हातात आपणहून हलतं. कुणीतरी शेजारी बसून माझं मनगट धरलंय असं वाटतं. मागच्या माणसानं सीटचा पट्टा लावला नाही तरी गाडी ओरडते, तसा नियमच झालाय म्हणे. एकदा मागच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली तर तिला ते माणूस वाटलं. ओरडायची थांबेना, तेव्हा ढेपेला पट्टा बांधून घरी आणली. तुझी नात हसून हसून बेजार. पण मला खरा धक्का बसला तो डिकी उघडल्यावर. आत स्टेपनीच नाही. एक छोटा पंप आणि डिंकासारखं काहीतरी भरलेली बाटली. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, हल्ली चाक कोण बदलत बसतंय?"

मी बदललेलं आहे, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगून काय करणार होते? अण्णांचा पाय मळणीच्या मशीनमध्ये सापडला आणि त्यांचा टेम्पो दारात नुसता उभा राहिला, तेव्हा तू तो चालवायला शिकलीस. गाव काय काय बोललं ते मी न्हाणीतून ऐकलंय. मी कॉलेजात गेल्यावर मलाही शिकव म्हणून तुझ्या मागे लागले, तर तू म्हणालीस, "आधी चाक, मग स्टेरिंग." उन्हाळ्याच्या सुट्टीतली सकाळ. टेम्पो अंगणात उभा आहे, तू पदर खोचून जात्यावर बसल्यासारखी एक पाय लांब करून बसली आहेस आणि पान्याला बोटही लावत नाहीस. मी नट सोडवतेय, हाताला फोड आलाय. शेजारच्या काकी कुंपणाशी उभ्या राहून म्हणतात, "पोरीचं हात खराब करतीस व्हय गं?" आणि तू म्हणतेस, "हात कामालाच दिल्यात की." त्यानंतर कुठे मला सीटवर बसू दिलंस. पहिल्याच चढाला मी क्लच लवकर सोडला आणि इंजिन गप्प. मी म्हटलं, "आई, गाडी बंद पडली." तू माझ्याकडे बघितलंस. "बंद पडली न्हाय, तू पाडलीस. गाडीला नाव ठिवू नगंस." एवढंच. संध्याकाळी चुलीपुढं बसून मला भाकरी वाढलीस तेव्हा तुझ्या हाताला राखेचा आणि डिझेलचा वास होता, आणि त्या बोलण्याचा तू पुन्हा उच्चारही केला नाहीस.

पण आई, तुझ्या कपाळावरचा व्रण मी विसरले नाही. रेडकू आडवं आलं म्हणून तू कचकन थांबलीस आणि समोरच्या काचेवर जाऊन आदळलीस. टेम्पोला पट्टा नव्हताच. असता तरी तू लावला नसतास. टाके घालताना डॉक्टरांना म्हणालीस, "रेडकू वाचलं न्हवं? मग झालं." तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आता लेकीची आई झाल्यावर तो व्रण आठवला की रागच येतो. आणखी थोडा वेग असता तर? म्हणून मी या गाडीला सरसकट नावंही ठेवू शकत नाही, आणि तिचं कौतुक करायला गेले तर तोंडातून शब्द फुटत नाही.

गेल्या महिन्यात मलकापूरला भाचीचा साखरपुडा होता. दुपारी जेवून आम्ही मायलेकी परत निघालो. उसाच्या फडातून रस्ता येतो, ऊन डोळ्यांवर होतं. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं म्हणून गाडी टुणटुण वाजली आणि मी समोरच्या पडद्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. डोळे वर केले तेव्हा गाडी थांबत होती. पट्ट्यानं छाती आवळली, डाव्या बाजूला वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी, आणि मागून धाडकन आवाज.

मागं मोटरसायकल धडकली होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून आलेला गडी रस्त्यावर बसला होता, एक कॅन उलटा होऊन दूध डांबरावरून वाहत होतं. मी धावले. तो मनगट धरून ओरडला, "ओ बाई, मधीच कशापायी थांबलासा? म्होरं कोन बी न्हवतं की!"

"म्हातारी आली होती," मी म्हटलं.

म्हातारीनं भारा खाली टाकला आणि माझ्यावरच उखडली. "मी कशाला येतोय? मी कडंलाच थांबलोतो. गाडी दिसती की मला, आंधळी हाय काय मी?"

तेवढ्यात तुझी नात खाली उतरून म्हणाली, "मावशी, तुम्ही पाऊल टाकलं होतं. गाडीनं ओळखलं आणि आपोआप ब्रेक लावला, म्हणून वाचलात."

"गाडीनं?" दूधवाला दुखणं विसरला. "मंजे ब्रेक तुमी न्हाय मारला? मग कुनी मारला?"

भोवती चार माणसं जमली होती. कुणीतरी हसलं. "गाडीवरच केस घाला मग, पावणं!" सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाय आठवायचा प्रयत्न केला. उजवा पाय ब्रेकवर होता हे नक्की, पण तो आधी गेला की गाडी थांबायला लागल्यावर गेला? म्हातारी थांबली होती की पुढं येत होती? तिघं तीन गोष्टी सांगत होती आणि जिच्या हातात स्टिअरिंग होतं तिला चौथीसुद्धा सांगता येत नव्हती. गाडी माझ्या हातून थांबली की आपली आपण थांबली, हे न कळण्याची पाळी तुझ्यावर कधी आली असती का? तू म्हणाली असतीस, "मी थांबवली," आणि विषय संपला असता.

"मीच मारला," मी म्हटलं. "चूक माझी. चला, डॉक्टरकडे जाऊ."

त्याला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू केली तशी ती त्याच्या पट्ट्यासाठी ओरडायला लागली. त्याला एका हातानं तो ओढता येईना, मी वाकून लावून दिला. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "लई बोलती ओ ही गाडी. आमची कारभारीन बी एवढं बोलत न्हाय." मला हसूही आलं आणि रडूही. पुढच्या गावातल्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. त्याची बायको आली, तिनं नवऱ्याचं डोकं चाचपून बघितलं आणि मला म्हणाली, "वाचलं ते झालं, अक्का. पर मोटरसायकलीवर कॅन लावून गाडीच्या बुडाला चिकटू नका म्हणून मी रोज वराडतो." म्हणजे आता चौथी गोष्टही आली. मी आणखीच गोंधळले. त्याचं रोजचं दूध महिनाभर त्याचा भाऊ घालत होता. परवा प्लास्टर निघालं, बोटं नीट हलतात असं त्यानं फोन करून सांगितलं.

शोरूमला जाऊन विचारलं, त्या दिवशी ब्रेक कुणी मारला ते कळेल का? तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही सेफ आहात ना? मग झालं." नेमके तुझेच शब्द, पण त्याच्या तोंडून मला ते पटेनात. हे आपोआप थांबणं सगळ्याच गाड्यांत सक्तीचं होणार, असंही तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी गावाकडच्या मोकळ्या माळावर गाडी नेली. रिकामी खोकी एकावर एक रचली आणि हळूहळू त्यांच्यावर चालवत नेली. ठरवलं होतं, पाय उचलून धरायचा आणि ही थांबते का बघायचं. पण खोकी जवळ आली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शेवटी दात आवळून पाय वर धरला, आणि गाडी सरळ खोक्यांवरून गेली. तुझी नात म्हणाली, "आई, ती खोक्यांना नाही थांबत. माणूस किंवा गाडी असली तरच थांबते. थांब, मी उभी राहते." आणि खरंच, हसत हसत, हात पसरून ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. "ये! बघ कशी थांबते!"

मी बटण दाबून गाडी बंद केली आणि खाली उतरून तिच्यावर असं ओरडले, की तुझाच आवाज माळावर आला. "बाजूला हो! याड लागलंय व्हय तुला?" ती गोरीमोरी झाली. मग म्हणाली, "तुझा गाडीवर विश्वासच नाही." विश्वास गाडीवर नव्हता की माझ्यावर, हे मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. तिचा मात्र पुरता विश्वास आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. तिला चाक बदलायला शिकवावं म्हटलं तर बदलायला चाकच नाही. मग मी तिला काय शिकवू, आई?

परत येताना ती चालवत होती, मी शेजारी बसले होते. पुलाच्या अलीकडे रिक्षा आडवी आली. गाडी थांबली, तिनं थांबवली की आपली आपण, मी विचारलं नाही. माझा उजवा पाय मात्र पुढं जाऊन नुसत्या चटईवर दाबून राहिला होता. ती म्हणाली, "आई, तिथं ब्रेक नाहीये." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि घर येईपर्यंत पाय तसाच ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. घडी घालून तुझ्या इरकली लुगड्याखाली ठेवून देईन. एक मात्र लेकीला सांगितलं नाही, ते तुला सांगते. दूधवाल्याला "मीच मारला" म्हणाले, ते खरं होतं म्हणून नाही. मला खरं माहीतच नव्हतं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत होतं, तेवढंच मी म्हणाले.