राजीनाम्याचं अस्तर

दादा,

मी कामावर चाललेय. माझ्या नावाने राजीनामा लिहून तू परस्पर बाइंडिंगच्या कारखान्यात देऊन आलास, हे काल मुकादमबाईंनी सांगितलं. माझ्या बोटांचा संधिवात बरा होणार नाही, हे तुझ्याआधी मला ठाऊक आहे. म्हणून काय शोभेची बाहुली होऊन घरात बसू?

सकाळी माझी मूठ वळत नाही, म्हणून बायकांनी भांडून माझी वेळ अकराची करून घेतलीय. माझ्या वाटणीच्या कागदांच्या घड्या त्या घालतात, शिवण मी घालते. मालक कुरकुरला, तर सगळ्याजणी सुया खाली ठेवून उभ्या राहिल्या. आणि तू म्हणतोस, लोकांचे उपकार नकोत!

आमच्याकडे रद्दी कागद पुस्तकाच्या पाठीला आतून लावतात. मुकादमबाईंनी माझ्या हाती परत दिलेला तुझा राजीनामा नव्या हजेरीपुस्तकाच्या पाठीला गेला. खळ मीच फासली. आता वर्षभर त्याच पुस्तकात सही करणार.

भाजी झाकून ठेवलीय. चहाच्या डब्याचं झाकण तू इतकं घट्ट लावतोस की मला उघडत नाही. मदतच करायचीय ना? मग ते सैल लावत जा.

अक्षर वाकडंतिकडं आलंय. पण या कागदावरची सही माझी आहे.

तुझी धाकटी