आईच्या मोत्याच्या कुड्या

मंगळवार, पनवेल

आज लॉकरमधून आईच्या मोत्याच्या कुड्या घरी आणल्या. ती गेल्यावर मीच त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवल्या होत्या. जपायच्या म्हणून. मोती पिवळे पडलेत, एकाला तडा गेलाय. येताना सोनारांना दाखवल्या, ते म्हणाले, "ताई, मोत्याला अंगाची ऊब लागते. कोंडला की सुकतो."

आई रोज घालायची, संध्याकाळी पदराच्या टोकाने पुसायची. बघून बघून मला का कळलं नाही?

लेक म्हणाली, "आता तरी घाल." कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर कानातलं काढायला लावायच्या, तेव्हापासून माझे कान मोकळेच. भोकं बुजत आलेली. दुखलं, पण घातल्या.

आत्ता काढून पुसायला गेले, तर अंगात गाऊन. पदर कुठला? शेवटी कपाटातून आईची साडी काढली. तीही इतकी वर्षं घडीतच होती.