चाळीस निरोगी रोपं

सौ. ताईस धाकटीचा नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझी पाचवी केमो झाली का? तोंड आलं होतं, ते बरं आहे ना? पोरं त्रास देत नाहीत ना?

कड्यावरच्या ज्या झाडाच्या मुळांचा अर्क कॅन्सरच्या पेशी मारतो म्हणून मी फोनवर नाचले होते, त्याची जगात नऊच झाडं उरली होती. ती तोडायची नाहीत, म्हणून आम्ही बियांपासून चाळीस रोपं वाढवली. माती वाफवून निर्जंतुक करायचं काम माझं. तुझ्या ओट्यासारखी लख्ख केली गं!

परवा मुळं तपासली. औषधाचा मागमूस नाही. ते झाड बनवतच नव्हतं, मातीतून मुळांत शिरणारी एक बुरशी बनवत होती. ती मीच मारली. धावत कड्यावर गेलो, तर दरड कोसळून नऊही झाडं मातीसकट गेलेली.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी माझ्यापुढे चहा ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावजींना यातलं काही सांगू नकोस. ते रोज फोन करून विचारतात, "रोपं कशी आहेत?"

मी सांगते, "झकास वाढताहेत."

ते काही खोटं नाही.

तुझीच,
धाकटी