करवत निवेपर्यंत

९ फेब्रुवारी १९८७, सालवड
आज बोईसरला उतरलो. सालवडला खोली मिळाली. मला, चंद्रपूरच्या जंगलात साग पाडणाऱ्याला, इथल्या वीटभट्टीवाल्या शेठने जुन्या होड्या कापायला बोलावलंय, भट्टीच्या सरपणासाठी. पेट्रोलवर चालणारी माझी साखळीची करवत बघायला अख्खी चाळ जमली. एका आजीने विचारलं, याने नारळ सोलता येतो का. मी म्हटलं, नारळच काय, माडही सोलून देतो. मजेत जाणार दिवस.

१० फेब्रुवारी
पहिली होडी तारापूरच्या खाडीत, चिखलात रुतलेली. मदतीला मनोरकडचा जिवल्या, पाचर ठोकण्यात पटाईत आणि हसरा गडी. होडी जमनाबाईची. तिचा नवरा नामदेव हिच्यावरच वादळात गेला. दिराने ती परस्पर विकली. बाई म्हणाली, माजा मानूस आत पानी उपसत बसलाय, त्याला तरास देव नका. मी मान डोलावली. दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो.
करवत मात्र होडीच्या कण्याशी, तळाच्या जाड लांब लाकडाशी, पोचली की तापते आणि बंद पडते.

११ फेब्रुवारी
एअर फिल्टर धुतला. सिलिंडरच्या खाचांत भुसा बसला होता, तो खरवडला. या लाकडाने वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यायलंय, भुसा चिकटून बसतो. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. खिळ्यांनी बोथट झालेल्या साखळीला कानस मारली. गार असताना झकास चालते, कण्यावर गेली की पुन्हा तीच रड.
बंद पडली की होडीतून आवाज येतो. डब्याने पाणी उपसून बाहेर फेकल्याचा. जिवल्यालाही ऐकू आला. मी म्हटलं, खेकडे असतील.

१३ फेब्रुवारी
कार्ब्युरेटर उघडून साफ केला. फरक नाही. होडी आतून कोरडी ठणठणीत, आणि आवाज चालूच. आता करवत चालू हवी ती कामासाठी नाही. तिच्या घरघरीत तो ऐकू येत नाही, म्हणून. उद्या उधाणाच्या आधी हिचे दोन तुकडे करणारच.

१४ फेब्रुवारी, सकाळ
जिवल्या आत उतरायला नको म्हणत होता. मीच उतरवला, पाचर लावायला. काप अर्धा गेला आणि होडी खचली. त्याचा पाय कापातून खाली गेला आणि कण्याखाली अडकला. कणा कापल्याशिवाय सुटणार नाही, आणि करवत बंद. भरती लागलीय. गावातले पुरुष समुद्रावर. गरम सिलिंडरवर पाणी ओतलं तर तडकेल. निवण्याची वाट बघायची. तोवर हातांना काही काम हवं, म्हणून लिहितोय.

दुपार
दोनदा चालली, दोनदा बंद. मी केलेल्या कापातूनच पाणी आत येतंय. जिवल्याच्या कमरेशी. आणि तो आवाज, त्याच्या अगदी कानाशी. त्याला घालवा, मिस्त्री, म्हणून ओरडतोय. मलाही सोसवत नाही. जमनाबाईला बोलावून आणलं, तिच्या पाया पडलो. तिने होडीवर हात ठेवला. म्हणाली, धनी, पुरं झालं आता, घरी चला.
आवाज थांबला.

—
पाणी भराभर चढतंय. इतका वेळ कमरेशीच कसं होतं— तो उपसत होता. जिवल्यासाठी उपसत होता. आणि मी—
जमनाबाई डब्याने उपसतेय. पुरत नाही.

—
छातीला. करवत तापलेलीच. परत बोलवा त्याला, म्हटलं. ती म्हणाली, गेला वो. घरी गेला.

—
जिवल्या आता ओरडत नाही. हनुवटी वर धरून माझ्याकडे बघतोय. दोरी ओढली. नाही. अजून गरम— अजून—